सात फूट तीन इंच

मास्तरना कुणी "जाऊ द्या हो" म्हटलं की त्या हटकून जाऊ देत नसत. लहानपणापासूनचा स्वभाव, आणि पन्नाशी ओलांडल्यावर तर त्याला चांगलीच धार चढली होती.

मास्तर म्हणजे बाई, हे आधीच सांगितलेलं बरं. कपडे शिवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. यांनी दुकान काढलं तेव्हा लोक दोन दिवस अडखळले. टेलरबाई म्हणून बघितलं, शिवणताई म्हणून बघितलं, या कशालाच ओ देईनात. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं वैतागून "अहो मास्तर!" अशी हाक मारली आणि यांनी लगेच मान वर केली. तेव्हापासून त्या मास्तर. नवराही चारचौघांत मास्तरच म्हणतो. घरात काय म्हणतो ते आपल्याला कशाला हवं?

एकोणिसाव्या वर्षी त्या कोटांच्या कारखान्यात बाह्या जोडायला लागल्या. सहा वर्षं नुसत्या बाह्या. सातव्या वर्षी मुकादम म्हणाला, अख्खा कोट बेतणं बायकांना जमत नाही. मास्तरनी त्याचं माप नुसत्या नजरेनं घेतलं, कापून उरलेल्या तुकड्यांतून त्याच्या मापाचा कोट शिवला, त्याच्या खुर्चीवर टांगला आणि नोकरीला रामराम ठोकला. कोट असा बसला म्हणतात की त्या मुकादमानं पुढे दहा वर्षं दुसरा शिवला नाही. घालताना त्याला काय वाटत असेल कोण जाणे. मला विचाराल तर, वाटायलाच हवं होतं.

तर या मास्तरांचं घर रस्त्यात गेलं. चौकाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा ठरलं, खुणा झाल्या, कागद आले, आणि पाच खोल्यांचं घर यंत्रानं दीड दिवसात भुईसपाट केलं. घराच्या मागच्या अंगाला जमिनीची एक पट्टी तेवढी शिल्लक राहिली. लांबी बेचाळीस फूट आणि रुंदी सात फूट तीन इंच. पट्टीच्या पुढे नवा रस्ता, मागे फरशीवाल्या शेठचं दुकान. घरात माणसं तीन : मास्तर, त्यांचा कंडक्टर नवरा आणि एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. तिघांनी दुकानामागच्या एका खोलीत बस्तान हलवलं. दोन खाटांमध्ये इतकीच वाट उरली की सासूबाईंचा वॉकर उभा ठेवला तर माणूस जायचं नाही आणि माणूस गेलं तर वॉकर उचलून खाटेवर ठेवावा लागायचा.

सासूबाईंच्या थोरल्या मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात नवव्या मजल्यावर राहायचा. "आईला मी घेऊन जातो," तो म्हणाला. "इथे लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, सगळं आहे."

"सगळं आहे, माणूस नाही," सासूबाई फोनवरच कडाडल्या. "तुम्ही दोघं सकाळी जाता ते दिवे लागल्यावर उगवता. मी दिवसभर काय पडद्यांशी बोलू?"

इथे त्या दिवसभर दुकानात बसायच्या. बटणं लावायच्या, काजं तपासायच्या आणि आलेल्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या, "सुटलीस हं चांगली!" मास्तर वैतागायच्या. "अहो आई, गिऱ्हाईक पळवाल माझं." त्यावर सासूबाई म्हणायच्या, "पळेल कशी? पळता आलं असतं तर सुटली असती का?" दोघींचं असं दिवसातून चारदा वाजायचं, आणि एकीला ताप आला तर दुसरी जेवायची नाही. थोरल्याला हे कुठून कळावं? पण त्याचंही अगदीच चुकत होतं असं नाही. त्या खोलीत म्हातारं माणूस ठेवणं म्हणजे हालच होते. शेवटी त्यानं मुदत दिली. "एक वर्ष. वर्षात धड घर झालं तर ठीक. नाही झालं तर मी गाडी घेऊन येतो."

दुसऱ्याच आठवड्यात फरशीवाले शेठ दुकानात आले. माणूस गोड बोलायचा, इतका की ऐकणाऱ्यानं आपला खिसा चाचपून बघावा. शेठना ती पट्टी हवी होती. मधली पट्टी मिळाली की त्यांचं दुकान थेट नव्या रस्त्यावर येत होतं. घर पडून दुकानाची मागची भिंत उघडी झाल्याबरोबर, अजून ढिगारा उचललाही नव्हता तेव्हा, त्यांनी त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत काळी चकचकीत फरशी लावून घेतली होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला तोंड बघता यावं अशी.

"ताई, त्या चिंधीचं आता काय करणार तुम्ही?" शेठ म्हणाले. "मला देऊन टाका."

"चिंधी कशाला म्हणायचं ते मी ठरवते शेठ. माझा धंदा आहे तो."

"सात फुटांत काय घर होतं का? हट्ट करू नका. जाऊ द्या हो, ताई."

झालं! मास्तरनी कात्री खाली ठेवली. "घर बांधणार आहे," त्या म्हणाल्या. खरं तर त्या क्षणापर्यंत त्यांचं काहीच ठरलं नव्हतं.

दोन इंजिनियर हसले. एकानं तर सांगितलं, जाहिरातीचा फलक लावा, बसल्या जागी कमाई होईल. तिसरी इंजिनियर मास्तरांची गिऱ्हाईक होती. तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता, आणि मास्तरनी तिला असा कोट शिवून दिला होता की आरशालासुद्धा पत्ता लागायचा नाही. ती हसली नाही. "मापं आणा," म्हणाली, "मग बघू."

आता मापं आणा म्हटल्यावर दुसऱ्या कुणी जागेची आणली असती. मास्तरनी माणसांची आणली. नवऱ्याला उभं करून मोजलं, बसवून मोजलं, वाकून बूट घालताना मोजलं, डोक्यावरून सदरा काढताना दोन्ही कोपर फाकतात तेव्हा मोजलं. कंडक्टर म्हणाला, "अगं, मी उभा जन्म बसमधल्या दीड फुटाच्या वाटेत काढलाय. सात फूट म्हणजे मला मैदान आहे." सासूबाईंना वॉकरसकट मोजलं. सरळ चालताना किती, वळताना किती, थकून भिंतीला टेकल्या तर किती.

"एवढं माप तर माझ्या लग्नातसुद्धा कुणी घेतलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, पण हात मात्र सांगितल्याबरोबर वर केला.

मग मास्तरनी जे केलं ते बघायला अख्खा रस्ता थांबला. त्यांनी घर आधी कापडाचं शिवलं. हसू नका. कोट शिवायच्या आधी साध्या कापडाचा कच्चा शिवून अंगावर चढवून बघतात ना, तसं. जुन्या चादरी, डागाळलेले तागे, पडद्यांचे उरलेले तुकडे, सगळं जोडून खऱ्या मापाच्या भिंती शिवल्या. बांबूच्या चौकटी रोवल्या, त्यांवर भिंती ताणल्या. दारांच्या जागी चिरा ठेवल्या, जिना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा केला. एका रविवारी तिघंही आत जाऊन राहिली. मास्तरांच्या तोंडात टाचण्या, कानावर खडू, हातात टेप.

"घराला फ्रॉक शिवलाय बाईनं!" बसमधून कुणीतरी ओरडलं.

"तुमच्या घराचंही माप आणून द्या," आतून सासूबाईंनी सुनावलं. बस हसत हसत पुढे गेली.

त्या कापडी घरात जे कळलं ते कुठल्याही नकाशात कळलं नसतं. रस्त्याकडची भिंत सरळ ठेवली तर खिडकी उघडताच समोर बसमधल्या माणसाचं नाक. म्हणून मास्तरनी भिंतीला चुण्या घातल्या, झग्याच्या घेराला घालतात तशा. एक घडी बाहेर, एक घडी आत. खिडक्या घड्यांच्या तिरप्या अंगाला आल्या, त्यामुळे उजेड यायचा आणि रस्ता लांबवर दिसायचा, पण आतलं कुणाला दिसायचं नाही. प्रत्येक घडीच्या पोटात काहीतरी बसलं. एकीत शिवणयंत्र, एकीत मोरी, एकीत सासूबाईंची खाट. जिन्याच्या पायऱ्यांखाली कपाटं. एकच जागा अडली. जिन्याच्या पायथ्याशी सासूबाईंचा वॉकर वळेना. मास्तरनी तिथली शिवण उसवली, दोन बोटं सरकवली, पुन्हा टाचली, पुन्हा उसवली. असं सात वेळा झाल्यावर वॉकर वळला, भिंतीला न लागता, आणि बाजूला जेमतेम दोन बोटांची फट राहिली.

"बसलं," मास्तर म्हणाल्या. सासूबाई त्या फटीतून चार वेळा गेल्या आणि चार वेळा परत आल्या. त्यांना बाहेर काढायला कंडक्टरला चहाचं आमिष दाखवावं लागलं.

इंजिनियर बाईनं ते कापडी घर आतून-बाहेरून बघितलं आणि तिचे डोळे चमकले. घड्यांची भिंत स्वतःच्या घड्यांवर उभी राहते, तिला खांब लागत नाहीत, असं ती म्हणाली. मंजुरी मिळाली. गवंडीकाका मात्र कपाळाला हात लावून बसले. "मास्तर, चाळीस वर्षं मी ओळंबा लावून भिंत सरळ केली. आता तुम्ही म्हणता चुण्या घाला?" मास्तरनी त्यांना प्रत्येक घडीचा खऱ्या मापाचा कागद कापून दिला. काकांनी तो जमिनीवर ठेवला, त्याच्या कडेनं विटा लावल्या, आणि तिसऱ्या घडीनंतर तर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच समजावून सांगायला लागले, जशी काही युक्ती त्यांचीच. मास्तरनी खुशाल सांगू दिलं.

पुढची भिंत आधी घेतली, कारण तीच अवघड. मागची अजून व्हायची होती. तीन महिन्यांत चुण्यांची भिंत दारांच्या उंचीपर्यंत आली. लाल विटांची, एकही घडी दुसरीपेक्षा कमी नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की लोक सायकली थांबवून बघायचे. तिच्यामागे शेठची काळी फरशी झाकत चालली होती, आणि शेठ रोज दुकानाच्या कोपऱ्यावर येऊन तिच्याकडे बघायचे.

मग एक दिवस मोजणीसाहेब आले. तक्रार आली होती. कुणाची, ते विचारायची गरज नव्हती. साहेबांनी रस्त्याकडच्या हद्दीच्या दगडापासून दोरी ताणली, टेप लावली आणि चष्मा वर केला.

"भिंत तीन इंच रस्त्यात आहे."

"शक्यच नाही," मास्तर म्हणाल्या. "सात फूट तीन इंच. मी स्वतः मोजलंय." त्यांनी आपली टेप काढली, शेठच्या भिंतीपासून चुण्यांच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ताणली. सात फूट तीन इंच. सुताचाही फरक नाही.

"तुमचं माप बरोबर आहे," साहेब म्हणाले. माणूस कोरडा होता पण वाईट नव्हता. "भिंत मात्र रेषेबाहेर आहे. पंधरा दिवसांत काढा. नाहीतर आम्ही काढू."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यात त्यांचं माप कधी चुकलं नव्हतं. वर्षातले आठ महिने गेले होते. इंजिनियर बाईनं कागदावर बघून सांगितलं, पाया रुंद आहे, भिंत तीन इंच आत घेता येईल. पण आत तीन इंच गेले तर जिन्याच्या पायथ्याशी वॉकर वळणार नव्हता, आणि वॉकर वळणार नसेल तर सासूबाई नवव्या मजल्यावर. ती फट दोनच बोटांची होती.

मास्तर दुकानात आल्या.  हाताला चाळा म्हणून एक कोटाचं कापड टेबलावर अंथरलं आणि सवयीनं टेप कापडाच्या किनारीवर ठेवली. तिथेच त्यांचा हात थबकला.

शिवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात : माप किनारीपासून घ्यायचं. बाकीचं कापड तिरकं असेल, ताणलेलं असेल, पण किनार मागावरून आलेली असते, ती सरळच. पट्टी मोजायला गेल्या तेव्हा रस्त्याची बाजू नुसती माती आणि खडी होती, हद्दीचा दगडही त्याखाली. मागे शेठची चकचकीत भिंत होती, सरळसोट. मास्तरांच्या हातानं डोक्याला न विचारता तीच किनार धरली होती. किनार सरळ होती, पण ती आपली नव्हती.

"आई," मास्तर म्हणाल्या, "कापड तीन इंच कमी भरलं तर काय समजायचं?"

सासूबाईंनी बटणावरून मान वर केली. "कुणीतरी कापून घेतलंय असं समजायचं. विचारतेस काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडली तेव्हा मास्तर दारात उभ्या होत्या. "साहेब, मागची बाजूही मोजा."

"तक्रार रस्त्याच्या बाजूची आहे," मोजणीसाहेब म्हणाले.

"तुम्ही शिंप्याकडे जाता तेव्हा पँटचा एकच पाय मोजून घेता का?"

साहेबांना हसू आवरलं नाही. आले बिचारे. मागचा हद्दीचा दगड सापडायलाच अर्धा तास गेला, कारण तो काळ्या फरशीच्या आड अर्धा गडप झाला होता. लोखंडी चौकट, तिच्यावर फरशी, मिळून बरोबर तीन इंच पुढे. साहेबांनी दोनदा मोजलं. "शेठ," ते म्हणाले, "तुमची फरशी यांच्या जागेत आहे."

एव्हाना माणसं जमली होती. कंडक्टर ड्यूटीवर जायचा तो थांबला होता, सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेठ क्षणभर गोरेमोरे झाले, पण लगेच सावरले आणि जिभेवर साखर ठेवून पुढे आले.

"ताई, आपण शेजारी. शेजाऱ्यांनी असं टेप घेऊन उभं राहू नये. मी तक्रार मागे घेतो. तुमचे तीन इंच रस्त्यात राहू देत, माझे तुमच्यात. कुणाचं काय बिघडतंय? तुमचं घर उभं राहतंय, आईंची सोय होतेय. काय साहेब?"

मोजणीसाहेब आभाळाकडे बघत म्हणाले, "तक्रार मागे घेतली तर मला पुढे काही करायचं कारण उरत नाही."

"झालं की मग!" कंडक्टरच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याच्या चेहऱ्यावर तर आनंद मावत नव्हता. घर वाचलं होतं. आई राहणार होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

 मास्तरना मोह झाला नाही असं नाही. चुण्यांच्या भिंतीकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. मग शेठकडे वळल्या.

"शेठ, उद्या मी तुम्हाला काही टाकून बोलले की तुम्ही पुन्हा तक्रार करणार. परवा तुमची गाडी लावायला जागा दिली नाही की पुन्हा. जन्मभर मी तुमच्याशी हसून बोलायचं, का? तर माझी भिंत रस्त्यात आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या सासूबाई झोपणार त्या भिंतीमागे. ती तुमच्या मर्जीवर उभी राहणार नाही." मग साहेबांना म्हणाल्या, "दोन्ही लिहा. माझी चूक माझ्या नावावर, यांची यांच्या."

"मास्तर!" कंडक्टर ओरडलाच. "तीन महिन्यांचं काम पाडायचं? तीन इंचांसाठी?"

"तुम्ही बसमध्ये बिनतिकिटाचा एक माणूस सोडता का?"

"नाही."

"का? एकानं बस बुडते?"

 कंडक्टर रागावला तो रागावलाच. तरातरा ड्यूटीवर निघून गेला.

साहेबांनी दोन्ही लिहिलं. काळ्या चकचकीत फरशीवर लाल रंगानं उभी रेघ ओढली, बाजूला बाण आणि आकडा : ३. दोघांना नोटिसा, दोघांना पंधरा दिवस.

आता खरी जोखीम पुढे होती. मास्तर आपली भिंत काढणार आणि शेठ वकील लावून बसले तर? मग ना भिंत, ना तीन इंच, ना वेळ. शेठनं तर तोंडावर सांगितलं, "मी काही घाईत नाही, ताई." इंजिनियर बाई म्हणाली, आधी त्यांना काढू द्या, मग तुम्ही काढा. मास्तर म्हणाल्या, "स्वतःची चूक तशीच ठेवून दुसऱ्याकडे बोट दाखवू? मला नाही जमायचं."

गवंडीकाका रुसून बसले. "पाडायचं असेल तर मी येत नाही. दुसरा बघा."

"पाडायची कुठाय काका? उसवायची आहे. वरून खाली, एकेक टाका. एक वीट फुटता कामा नये."

पहिली छिन्नी मास्तरनी स्वतः मारली. शिडीवर चढून, कानावर खडू तसाच. भर सकाळी, रस्त्याच्या मधोमध म्हणावं असं. पहिली वीट सुटली तेव्हा खाली जमलेल्या लोकांतून कुणीतरी हळहळलं.  मास्तरनी लगेच दुसऱ्या विटेला हात घातला. काका काही वेळ लांबून बघत राहिले. मग शिव्या देत आले आणि त्यांच्या हातातून छिन्नी घेतली. "अशी धरतात होय? सरका."

दुपारी कंडक्टर ड्यूटीवरून आला तो गणवेशासकटच शिडीखाली उभा राहिला.  वरून आलेली वीट हातात घेतली, सिमेंट खरवडलं, रचून ठेवली. पन्नासेक विटा झाल्यावर म्हणाला, "तू ना, एक दिवस मला बसच्या छपरावर बसवशील." मास्तर वरून म्हणाल्या, "विटा मोजून ठेवा." एवढ्यावर मिटलं.

सहा दिवसांत भिंत उतरली. बेचाळीस फूट मोकळे झाले, आणि आता रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला शेठची काळी भिंत, तिच्यावरची लाल रेघ आणि आकडा सरळ दिसायला लागला. बस थांबली की लोक विचारायचे, हे तीन काय आहे? सासूबाई शेजारीच खुर्ची टाकून बसायच्या आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायच्या. त्यांना दुसरं काम नव्हतं, आणि आवाज खणखणीत होता. "आमच्या सुनेनं काढले, यांचे राहिलेत," असा शेवट करायच्या. शेठच्या गिऱ्हाइकांनाही त्या सोडेनात. एक जोडपं फरशी बघायला आलं होतं, ते म्हणे रेघ बघून शेठनाच विचारत होतं, आमच्याकडे लावाल ती शेजाऱ्याच्या हद्दीत नाही ना जाणार?

शेठनं दहाव्या दिवसापर्यंत कळ काढली. अकराव्या दिवशी माणसं आली आणि काळी फरशी उतरवायला लागली. मास्तर बघायला गेल्या नाहीत. दुकानात बसून एका जाड्या माणसाचं जाकीट बेतत होत्या. गवंडीकाका धावत सांगायला आले तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं. उद्यापासून या." पण त्या जाकिटाला त्यांनी एक काज जास्त पाडलं, आणि हे त्यांच्या हातून त्याआधी कधी झालं नव्हतं.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही, करायला लागला. त्याच विटा, त्याच घड्या, रेषेच्या आत. मागची भिंत, स्लॅब, वरचा मजला, छताला उजेडासाठी काचेची पट्टी. रंग द्यायचा राहिला, दारांना कड्या लावायच्या राहिल्या, आणि थोरला वर्ष संपायच्या दिवशी, सांगितल्या शब्दाप्रमाणे गाडी घेऊन हजर झाला. तोही या घराचाच मुलगा, हट्टाला कमी कसा असेल?

तो बाहेर उभा राहून चुण्यांकडे बघत राहिला. मग दारातून आत आला, नकळत अंग चोरून, जसं काही घर त्याला चिकटणार होतं. "हे घर आहे?" तो म्हणाला. "मास्तर, तुमची हौस झाली, छान आहे. पण आईचं काय? ती इथे वळणार कुठे? आई, बॅग भर. संध्याकाळपर्यंत पोचू."

मास्तर काही बोलणार होत्या. सासूबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

म्हातारी उठली. वॉकर पुढे टाकला, पाऊल टाकलं. दारापासून निघाली. शिवणयंत्राची घडी गेली, मोरी गेली, जिन्याचा पायथा आला.  वॉकर तिरका झाला, एक चाक फिरलं, दुसरं फिरलं, सासूबाई वळल्या. भिंतीला हात लागला नाही. शेवटच्या भिंतीपर्यंत गेल्या, तिथून परत वळल्या, पुन्हा जिना, पुन्हा मोरी, आणि धापा टाकत मुलासमोर येऊन उभ्या राहिल्या. चौऱ्याऐंशी फूट. कुणाचाही हात न धरता.

थोरल्यानं खिशातून रुमाल काढून उगीचच चष्मा पुसला. मग गाडीची किल्ली पुढे धरली, काय करावं न सुचून, आणि म्हणाला, "मग... मी काय करू?"

"गाडी जरा पुढे घे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या घराच्या दारात लावलीयेस."